सारखें कुंपण, कमी परडें

कळंबा हें गांव कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस, तलावाच्या कांठीं वसलेलें आहे. पूर्वीं गांव आणि शहर यांच्यामध्यें शेतें व माळ होते. आतां शहरच चालत चालत गांवाच्या दारीं येऊन उभें राहिलें आहे. त्यामुळें ज्या जमिनीची मोजदाद एकरांनीं होत असे, तिची आतां गुंठ्यांनीं, किंबहुना फुटांनीं होऊं लागली आहे. जमीन मोलाची झाली कीं भाऊबंदकीसहि धार येते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. अशाच एका वांटणींत एका शाळकरी मुलीच्या वहींतील बीजगणित कसें उपयोगीं पडलें, ती हकीकत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण, 'ह्या क्ष आणि य यांचा संसारांत काय उपयोग?' हा प्रश्न आम्हांस अध्यापनाच्या साऱ्या काळांत विद्यार्थ्यांपेक्षां त्यांच्या पालकांनींच अधिक वेळां विचारला आहे.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत दोघे वृद्ध भाऊ आहेत. चूल एक, देवघर एक. परंतु पुढील पिढीस त्रास नको म्हणून घरामागील परडें तेवढें वांटून घ्यावें असें ठरलें. थोरल्या भावाकडे सहासष्ट फूट लांब व तितकाच रुंद असा चौरस तुकडा आला. धाकट्याकडे त्याला लागूनच असलेला, नव्याण्णव फूट लांब व तेहतीस फूट रुंद, असा पट्टा आला. कुंपणासाठीं तार आणिली, ती दोघांसहि दोनशें चौसष्ट फूटच लागली. तार सारखी, तेव्हां जागाहि सारखीच, असें सर्वांनीं गृहीत धरिलें. कागदावर कोणी आंकडा मांडिला नाहीं. पुढें धाकट्या घरच्या जाऊबाईंच्या मनांत येऊं लागलें कीं आपल्या पट्ट्यांत भाजीचे वाफे कांहीं पुरेसे बसत नाहींत. पण बोलावें कसें? तार तर मोजून घेतलेली! न बोललेली गोष्ट घरांत फार लवकर वाढते. पंगतींत दोन्ही घरचीं माणसें एकमेकांकडे न पाहतां जेवूं लागलीं, इतपत मजल गेली.

थोरल्या भावाची नात नववीच्या वर्गांत शिकते. ती सायंकाळीं बीजगणितांतील अडचणी घेऊन आमच्याकडे येत असे. एके दिवशीं तिच्या वहींत आम्हीं पाहिलें : (अ + ब) चा वर्ग = अ-वर्ग + ब-वर्ग. ही चूक नवी नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे आणि तिचें कारणहि समजण्यासारखें आहे. अ आणि ब यांच्या बेरजेची दुप्पट केली असतां ती दोघांत सरळ वांटली जाते. मन वर्गासहि तोच न्याय लावूं पाहतें. पण वर्ग म्हणजे दुप्पट नव्हे.

आम्हीं तिला विचारिलें, "तुमच्या परड्याची बाजू किती फूट, बाळ?"

"सहासष्ट, गुरुजी."

"म्हणजे तेहतीस आणि तेहतीस. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जागा म्हणजे किती?"

"एक गुंठा." आमच्याकडील लहान पोरासहि हें ठाऊक असतें. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे १०८९ चौरस फूट, हाच गुंठा. आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर.

"मग तुझ्या वहीप्रमाणें तुमचें परडें किती गुंठ्यांचें झालें?"

तिनें मनाशीं हिशेब केला आणि ती हंसली. "दोन! पण तें तर चार गुंठे आहे."

आम्हीं चौरस काढून त्यांत मधोमध एक आडवी व एक उभी रेघ ओढून दाखविली. एक कोपरा अ-वर्गाचा, समोरचा कोपरा ब-वर्गाचा. आणि उरलेले दोन तुकडे प्रत्येकीं अ गुणिले ब एवढे. हरवलेले दोन गुंठे म्हणजेच पाठ्यपुस्तकांतील २अब हें पद होय.

येथें जरा मागें वळून पाहणें उचित होईल. बीजगणित ही कांहीं साहेबानें आपल्या माथीं मारलेली विद्या नव्हे. धन, ऋण व शून्य यांच्या व्यवहाराचे नियम ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें लिहून ठेविले. शके १०३६ मध्यें जन्मलेल्या भास्कराचार्यांनीं वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, म्हणजे शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें, 'सिद्धान्तशिरोमणि' रचिला, 'लीलावती' आणि 'बीजगणित' हीं त्याचींच अंगें मानलीं जातात. आचार्य आपलें स्थान सह्याद्रीच्या आश्रयाचें म्हणून सांगतात. जळगांव जिल्ह्यांत चाळीसगांवाजवळील पाटण येथें शके ११२८ चा शिलालेख आहे. आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिल्याचें त्यावरून कळतें. आजोबांची विद्या नातवानें जतन करावी, हा योग त्या काळींहि होता.

आपण जेथें क्ष, य लिहितों, तेथें आचार्य 'यावत्तावत्', 'कालक', 'नीलक', 'पीतक' असे शब्द योजीत. म्हणजे पहिल्या अज्ञात राशीस 'जितकी असेल तितकी' असें नांव, आणि पुढील राशींस रंगांचीं नांवें. त्यांचीं आद्याक्षरें 'या', 'का', 'नी' हींच चिन्हें. ज्ञात संख्येस 'रूप' म्हणत. 'या ३ का २ रू ५' असें लिहिलें म्हणजे आजची ३क्ष + २य + ५ ही पदावली झाली. आणि सरळ रूप देण्याचा त्यांचा नियम असा कीं, समान जातीच्या राशींची बेरीज-वजाबाकी करावी. भिन्न जातीच्या राशी वेगळ्याच ठेवाव्या. स्वयंपाकघरांत हा नियम कोणीहि मोडीत नाहीं. तीन वाट्या तांदूळ व दोन वाट्या तांदूळ मिळून पांच वाट्या तांदूळ होतात. तीन वाट्या तांदूळ व दोन वाट्या डाळ मिळून पांच वाट्या तांदूळ होत नाहींत. मुलें मात्र क्ष आणि क्ष-वर्ग यांची बेरीज करून मोकळीं होतात. त्यांस सांगावें कीं, बाजू फुटांत आहे व परडें गुंठ्यांत आहे. फूट व गुंठे यांची बेरीज कशी होणार?

घातांकांच्या बाबतींतहि जुनीं नांवें फार बोलकीं आहेत. पांचव्या घातास 'वर्गघनघात' म्हणत, आणि सहाव्यास 'घनवर्ग'. पहिल्यांत वर्ग व घन यांचा गुणाकार आहे, म्हणून दोन आणि तीन यांची बेरीज, पांच. दुसऱ्यांत घनाचा पुन्हां वर्ग आहे, म्हणून तीन आणि दोन यांचा गुणाकार, सहा. घातांकांची बेरीज केव्हां करावयाची व गुणाकार केव्हां, हा आजच्या विद्यार्थ्यांचा नेहमींचा घोंटाळा. तो ह्या दोन नांवांतच उलगडलेला आहे. अक्षराच्या डोक्यावर लहान आंकडा लिहिण्याची आजची सोय देकार्त या फ्रेंच पंडिताच्या १६३७ मधील भूमितीवरील ग्रंथानें रूढ केली. सोय झाली हें खरें. पण नांवांतला अर्थ मात्र झांकला गेला.

आतां तुलनेविषयीं. दोन पदावल्यांपैकीं मोठी कोणती, हें बाह्य रूपावरून ठरवूं नये. प्रथम दोहोंस सरळ रूप द्यावें, नंतर एकींतून दुसरी वजा करावी, आणि बाकी धन, ऋण कीं शून्य तें पाहावें. ३(क्ष + ४) − क्ष ही एक पदावली व २(क्ष + ६) ही दुसरी. दिसण्यांत किती भिन्न! पण दोहोंचें सरळ रूप २क्ष + १२ हेंच, बाकी शून्य. उलट, क्ष-घन हा क्ष-वर्गाहून नेहमीं मोठा असतो असें पुष्कळांस वाटतें. वजाबाकी केली तर क्ष-वर्ग × (क्ष − १) ही बाकी राहते. क्ष एकाहून मोठा असेल तरच ती धन आहे. क्ष अर्धा घेतला, तर वर्ग पाव आणि घन मात्र अर्धपाव! म्हणून 'मोठें कोण?' ह्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां 'केव्हां?' हा प्रतिप्रश्न होय.

हेंच व्याजाचें. दरसाल दर शेंकडा बारा दरानें दहा हजार रुपयांचें दोन वर्षांचें सरळ व्याज २४०० रुपये, चक्रवाढ व्याज २५४४ रुपये. मुद्दल एक रुपया व दर 'द' धरला, तर (१ + द) चा वर्ग म्हणजे १ + २द + द-वर्ग. वरचे १४४ रुपये हा त्या दिसावयास क्षुल्लक अशा द-वर्गाचा प्रताप आहे. ज्यानें वहींत मधलें किंवा शेवटचें पद गाळण्याची संवय लावून घेतली, तो कर्जाच्या कागदावरहि तें गाळील. सावकार मात्र गाळणार नाहीं.

असो. पुन्हां परड्याकडे वळूं. दुसऱ्या दिवशीं ती मुलगी आली ती गंभीर चेहऱ्यानें. आम्ही न सांगतांच तिनें घरीं बसून मांडणी केली होती. चौरसाची बाजू 'स'. धाकट्या आजोबांचा पट्टा लांबीला 'द' नें अधिक, रुंदीला 'द' नेंच कमी. कुंपण : २(स + द) + २(स − द) = ४स. 'द' चें धन आणि ऋण एकमेकांस खाऊन टाकतात. म्हणून तार दोघांस सारखीच लागली. क्षेत्रफळ मात्र (स + द)(स − द) = स-वर्ग − द-वर्ग. येथें 'द' नाहींसा होत नाहीं. स म्हणजे सहासष्ट, द म्हणजे तेहतीस. चार गुंठ्यांतून एक वजा, बाकी तीन. कुंपणाच्या हिशेबांत जो लपला, तो जमिनीच्या हिशेबांत उघडा पडला.

"गुरुजी," ती म्हणाली, "गुंठा आमच्याकडे जास्त आला आहे. घरीं सांगूं का?"

आम्हीं क्षणभर स्तब्ध राहिलों. आज कळंब्याकडे गुंठ्याचें मोल काय आहे, हें त्या मुलीसहि ठाऊक होतें. गणित चुकलें तर तें दुरुस्त करणें सोपें; गणित बरोबर आलें आणि तें आपल्याच घराविरुद्ध गेलें, तर तें उच्चारण्यास धैर्य लागतें. आम्हीं इतकेंच सांगितलें, "हिशेब पुन्हां एकदां पडताळून पाहा, मग आजोबांना एकट्यांना दाखव. चार माणसांत नको."

तिनें तसें केलें. आजोबांनीं वही पाहिली, दुसऱ्या दिवशीं पहाटे स्वतः टेप घेऊन परडें मोजिलें, आणि दोन दिवस ते कोणाशीं फारसें बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं धाकट्या भावास परड्यांत बोलाविलें. दोघांचें मिळून सात गुंठे, म्हणजे वांट्यास साडेतीन. सामाईक सीमा सहासष्ट फुटांची. तेव्हां अर्धा गुंठा देण्यासाठीं तार आठ फूट तीन इंच मागें घ्यावयाची. हाहि हिशेब त्या मुलीनेंच करून दिला. धाकटे बंधु म्हणाले, "राहूं दे दादा, इतक्यानें काय होतें?" थोरल्यांनीं उत्तर न देतां पहिली खुंटी उपटली.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, मुलगा किंवा मुलगी बीजगणितास कंटाळली तर 'आम्हांसहि हें कधीं येत नव्हतें' असें कौतुकानें सांगूं नये. त्याऐवजीं घरांतील एखादी खोली, एखादें परडें, एखाद्या कर्जाचा कागद पुढें ठेवावा आणि म्हणावें, 'मांड पाहूं.' यंत्रें आंकडे झटपट करून देतात. पण काय मांडावयाचें व कशाशीं ताडून पाहावयाचें, हें ज्याचें त्यानेंच ठरवावें लागतें. त्या घरच्या जाऊबाईंनीं वाढलेल्या पट्ट्यांत मेथीचे दोन वाफे अधिक घातले, आणि पहिली जुडी थोरल्या घरीं दिली, असें त्या मुलीनें आम्हांस मागाहून सांगितलें.