मागून बघायचा कॅमेरा

सकाळी ६

पुण्यात फेब्रुवारीतही दुपार तापायला लागते, म्हणून सिल्व्हर बाथ गाळण्याचं काम मी सकाळीच उरकून टाकते. सिल्व्हर नायट्रेटचं नऊ टक्क्यांचं द्रावण, उभ्या अरुंद टाकीत. रोज प्लेटा बुडवून त्यात कोलोडियनचे कण साचतात आणि तेच पुढच्या प्लेटीवर ठिपके होऊन बसतात. फिल्टर पेपरमधून सगळं उतरेपर्यंत चहा होतो. तोवर डोळ्यांवरचा गॉगल काढायचा नाही. बोटं काळी पडली तर काही दिवसांनी कातडीबरोबर डाग निघून जातो, पण डोळ्यात थेंब गेला तर नजर जाऊ शकते. शिकायला येणाऱ्याला कॅमेऱ्याच्या आधी मी गॉगल विकत घ्यायला लावते.

आजचा दिवस अशाच एका मुलाचा आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने माझ्या कॅमेऱ्यावर हात बसवला, आता त्याला स्वतःचा हवाय. शहरातच तीन जुने कॅमेरे विकायला निघालेत. तिन्ही आजच बघायचे आणि जमलं तर आजच ठरवायचं. पिशवीत बॅटरी, व्हर्नियर, स्टीलची पट्टी, भिंग, काळं कापड आणि दोन मिलिमीटर जाडीच्या कापलेल्या काचा भरल्या.

"ताई, आधी लेन्स बघायची ना?" त्याने दारातच विचारलं.

लेन्स शेवटी. नवखा माणूस आधी लेन्स बघतो, मग कंपनीचं नाव, मग सागवानाची झळाळी. वेट प्लेटसाठी, म्हणजे काचेवर कोलोडियन ओतून ती ओली असतानाच फोटो घेण्यासाठी, घ्यायचा कॅमेरा मागून बघायचा असतो. प्लेट जिथे बसते तिथून सुरुवात करायची, कारण ती ओली असते, तिच्यावरून चांदीचं पाणी ठिबकत असतं, आणि फिल्मसाठी केलेल्या यंत्राने हे कधी गृहीतच धरलेलं नसतं.

सकाळी साडेआठ

प्रभात रोडवरचं घर. जाहिरातींची कामं करून निवृत्त झालेल्या छायाचित्रकाराचा चार बाय पाचचा मोनोरेल कॅमेरा. निगा उत्तम राखलेली, भाता नवाकोरा, पुढचा-मागचा भाग हवा तसा कलतो, सरकतो. सरांनी फिल्म होल्डरची चळत समोर ठेवली आणि तिथेच खरं काम सुरू झालं.

फिल्म होल्डरमध्ये फिल्म मधल्या पातळ पत्र्यावर पाठ टेकून बसते. होल्डरच्या कडेपासून तिची खोली साधारण पाच मिलिमीटर, आणि फोकसिंगची काचही तेवढ्याच खोलीवर बसवलेली असते. आता फिल्मच्या जागी दोन मिलिमीटरची काच ठेवायची म्हटलं तर तो मधला पत्रा कापून टाकावा लागतो. मग चार कोपऱ्यांत टेकू द्यायचे, तेही असे की काचेचा कोलोडियन लावलेला चेहरा बरोबर फिल्मच्या जागी यावा. प्लॅस्टिकचे होल्डर असले तर हे घरी होतं, कारण प्लॅस्टिकला सिल्व्हर नायट्रेटचं काही वाटत नाही. शिवाय हा आकार ठरलेल्या मापाचा, त्यामुळे होल्डर पुढेही कुठेही मिळतील.

मुलगा गप्प होता. त्याला गावोगावी माणसांची पोर्ट्रेटं काढून ती काच त्याच माणसाच्या हातात द्यायची आहे. वेट प्लेटवर तयार होते तीच शेवटची वस्तू. पुढे ती मोठी करायची नसते, म्हणजे प्लेटीचा आकार तोच चित्राचा आकार. चार बाय पाच म्हणजे जेमतेम तळहात. आणि सर संच फोडायला तयार नव्हते. शटर बसवलेल्या तीन लेन्सा त्यात होत्या, त्यांची किंमत कॅमेऱ्याहून जास्त. कित्येक सेकंदांच्या एक्स्पोजरला शटर लागत नाही, लेन्सचं झाकण पुरतं. मी वहीत लिहिलं: घ्यायला हरकत नाही, पण पैसे नको त्या गोष्टीचे जातील.

सकाळी साडेदहा

कॅम्पात एका जुन्या वृत्तछायाचित्रकाराच्या मुलाकडे स्पीड ग्राफिक. देखणं यंत्र, मजबूत. पण त्याच्या पोटात, फिल्मच्या अगदी पुढ्यात, कापडी पडद्याचं शटर आहे. ओल्या प्लेटीचं पाणी त्याच पडद्यावर आणि त्याच्या दात्यांवर गळणार. हेच शटर नसलेला त्याचा भाऊबंद क्राउन ग्राफिक असता तर मी अजून थोडा वेळ थांबले असते. दहा मिनिटांत आम्ही बाहेर पडलो. बातमीसाठी हातात धरून पळायचा कॅमेरा तो, त्याला त्याच कामाला कोणीतरी न्यावं.

दुपारी १२

रविवार पेठेत जिन्यावरच्या बंद स्टुडिओत मात्र दोन तास गेले.

स्टुडिओवाल्या काकांनी कपाट उघडलं. हाफ प्लेटचा सागवानी कॅमेरा, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. पितळी पट्ट्या, लाल-काळा भाता, बनवणाऱ्याची पाटी केव्हाच निघालेली. असे कॅमेरे इंग्लंडहून यायचे आणि इथेही व्हायचे. केरळातल्या आलप्पुळा गावी के. करुणाकरन यांनी १९४०च्या दशकात वागीश्वरी नावाने सागवानी कॅमेरे बनवायला घेतले आणि देशभरच्या स्टुडिओंत ते पोचले. हा कुठला, ते सांगता येत नव्हतं आणि त्याने फरकही पडत नव्हता.

"लग्नाचे ग्रुप फोटो यावर काढायचो," काका म्हणाले. "होल्डर तीन आहेत. एकाची प्लेट झाकायची काडी मोडलीय."

मी होल्डर हातात घेतला. पुस्तकासारखा उघडणारा, दोन्ही बाजूंना एकेक प्लेट घेणारा. आत चौकटीला पुढच्या बाजूने कंगोरा आहे, प्लेटीचा चेहरा त्याच्यावर टेकतो आणि पाठीमागून स्प्रिंग तिला पुढे दाबून धरते. या कॅमेऱ्याचं सगळं मोल मला त्या कंगोऱ्यात दिसलं. काच दीड मिलिमीटरची असो की दोनची, चेहरा त्याच जागी येतो. फिल्मच्या होल्डरमध्ये हिशेब पाठीवरून होतो, इथे तोंडावरून. सुक्या काचेच्या प्लेटांसाठी घडवलेली ही वस्तू ओल्या प्लेटीला जवळपास तशीच चालते.

मुलाला म्हटलं, आता तू माप. त्याने आमची काच होल्डरमध्ये बसवली, वर पट्टी आडवी ठेवली आणि होल्डरच्या कडेपासून काचेपर्यंतची खोली व्हर्नियरने घेतली. मग फोकसिंगच्या काचेची खोली, तिच्या खरखरीत बाजूपर्यंत. दोन मिलिमीटरचा फरक. त्याचा चेहरा उतरला.

काच बोटाने चाचपून बघितली तेव्हा उलगडा झाला. खरखरीत बाजू बाहेर होती, ती लेन्सच्या दिशेला हवी. मूळ काच कधीतरी फुटली असणार आणि नवी बसवताना ती उलटी लागली. अशा कॅमेऱ्यावर खांद्यापर्यंतचं पोर्ट्रेट घेतलं तर डोळ्यांवर धरलेला फोकस दोनेक सेंटिमीटर मागे, कानशिलाकडे सरकतो आणि माणूस लेन्सला दोष देत बसतो. चार छोटे पेच काढले, काच उलटवली, पुन्हा मापलं. जुळलं. तिन्ही होल्डर एकेक करून मापले. मोडक्या काडीचा होल्डर वाकलेला निघाला, तो बाजूला ठेवला.

मग भाता. खोलीच्या खिडक्या बंद केल्या, भाता पूर्ण ताणला, आत बॅटरी धरली आणि कोपऱ्याकोपऱ्याने बघितलं. भोकं घड्यांच्या कोपऱ्यांवरच पडतात. तीन ठिकाणी चांदणी दिसली. वेट प्लेटला लाल उजेड दिसत नाही, निळा मात्र फार दिसतो, आणि भोकातून येतो तो दिवसाचा उजेड. झाकण काढून चार-पाच सेकंद उभं राहायचं तर एवढी भोकं पुरेशी आहेत प्लेट धुरकट करायला. पण काळं कापड आणि रबरी डिंक लावला की हे भागतं. भात्याची लांबी भरली साधारण चाळीस सेंटिमीटर. दोनशे मिलिमीटरच्या लेन्सने चेहरा-खांदे घ्यायचे तर पंचवीस सेंटिमीटर पुरतात, म्हणजे हातचं बरंच उरतं.

लेन्स सगळ्यात शेवटी. पितळी नळीतली रॅपिड रेक्टिलिनियर, एफ आठची. ही रचना १८६६ची, वेट प्लेटच्याच काळातली. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, ती आहे का ते आरपार उजेडात बघितलं. किंचित होती, कडेला. चिकटवलेल्या भिंगांचा डिंक सुटला की कडेने इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात, ते नव्हते. पोर्ट्रेटसाठी सगळे पेट्झवाल मागतात. १८४०ची ती लेन्स तेजस्वी खरी, पण तिचं ओझं या पुढच्या फळीला झेपणार नाही आणि तिच्या किमतीत हा सगळा कॅमेरा येईल. पहिल्या वर्षी एफ आठवर शिकावं. फोकस चुकला तरी थोडी सवड मिळते.

काका ऐकत होते. वेट प्लेट त्यांनी कधी केली नव्हती, त्यांच्या उमेदीत फिल्म आणि तयार प्लेटा होत्या. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ साली ही पद्धत छापून जाहीर केली आणि पेटंट घेतलं नाही, हे त्यांना सांगितलं. शिल्पकार माणूस, सहा वर्षांत गेला, तोही हलाखीत. पण पेटंट नव्हतं म्हणून पद्धत भराभर पसरली. १८५४मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिथे होते, हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर पुढे स्टुडिओ थाटला. त्या मंडळींनी मुंबईच्या दमट उकाड्यात हे काम केलं, याचं मला रोज नवल वाटतं.

"मग मी पण येतो," काका म्हणाले आणि कॅमेरा स्वतःच कापडात गुंडाळायला लागले.

दुपारी साडेतीन

जेवण वाटेत, घाईत. घरी पोचलो तेव्हा गच्चीची सावली चांगली लांबली होती. कोलोडियनमध्ये ईथर असतं आणि ते साडेचौतीस अंशांना उकळतं. एप्रिलमध्ये या वेळी प्लेट ओतता ओतताच कडा सुकतात, आज जमण्यासारखं होतं. जवळपास ज्योत नको, गॅस नको. खिडकी उघडी.

काच खडूच्या भुकटीने आणि अल्कोहोलने पुसून ठेवलेली होती. मुलाने ती एका कोपऱ्याला धरली, मध्यावर कोलोडियन ओतलं आणि काच हलकेच कलवत ते एकेका कोपऱ्याला नेलं. शेवटच्या कोपऱ्यातून उरलेलं बाटलीत परत. घाई केली की लाटा उठतात, रेंगाळलं की कड जाड होते. कोपऱ्याला बोट लावल्यावर ठसा उमटला, तशी प्लेट बाथमध्ये गेली. लाल दिव्यात साडेतीन मिनिटं. वर आली तेव्हा साय धरल्यासारखी दुधट, तेलकट रेघा न उमटता पाणी सलग ओघळणारी.

पाठ पुसली, खालची कड टिपकागदावर टेकवून निथळली आणि मगच होल्डरमध्ये घातली. होल्डरच्या तळाला मी टिपकागदाची पट्टी ठेवली होती. इथून पुढे होल्डर उभाच धरायचा, तळ खाली तो खालीच. आडवा झाला की साचलेलं पाणी प्लेटीवर पसरतं आणि लाकडातला मळ सोबत आणतं.

काका खुर्चीत बसले होते, पाठीला टेकू देऊन. फोकस आधीच धरलेला. मुलाने काळ्या कापडाखाली शिरून पुन्हा खात्री केली, होल्डर सरकवला, काडी ओढली आणि झाकण काढलं. सावलीत पाच सेकंद. काका पापणीही न हलवता बसले. इतकी वर्षं दुसऱ्यांना तेच सांगत आलेले.

अंधाऱ्या खोलीत फेरस सल्फेटचा डेव्हलपर एका ओघात फिरवला. पंधरा सेकंदांत कपाळ आणि सदऱ्याची कॉलर उमटली, पाणी मारून थांबवलं. हायपोत टाकल्यावर निळसर धुकं हळूहळू वितळलं आणि काळ्या कापडावर धरलेल्या काचेत काका दिसले. डोळे करकरीत. कपाळावरचं अष्टगंध काळं आलेलं, निळा सदरा जवळजवळ पांढरा. या पद्धतीला तांबूस रंग दिसतच नाही.

काकांनी काच उजेडाकडे धरली. "गंध काळं कसं काय?" त्यांनी विचारलं आणि मुलगा समजावून सांगायला लागला. मी मध्ये बोलले नाही.

भिंगातून बघितलं तर डाव्या वरच्या कोपऱ्यात फिकट धूर होता. भात्याच्या त्याच तीन भोकांचा.

संध्याकाळी ६

व्यवहार चहावर झाला. काकांनी वाकलेला होल्डरही देऊन टाकला, त्याचे पैसे धरले नाहीत. मुलाने अर्धे आज दिले, उरलेले महिन्याअखेर. मी त्याला घासाघीस करू दिली नाही. भात्याची दुरुस्ती किमतीतून वजा केली, तेवढं रास्त होतं.

मग कामांची यादी. भात्याला आतून काळ्या कापडाचे ठिगळ, बाहेरून नाही. चांगल्या दोन होल्डरांपैकी एकच ओल्या कामाला, दुसरा सध्या कोरा राखायचा. त्या एकाच्या आतल्या लाकडाला पातळ लाखेचे दोन-तीन हात, कंगोऱ्याच्या चार कोपऱ्यांना इपॉक्सी, म्हणजे चांदी लाकडात मुरणार नाही. लाखेने आणि इपॉक्सीने जाडी वाढते, म्हणून सुकल्यावर पुन्हा व्हर्नियर लावायचं आणि फोकसिंगच्या काचेखाली तेवढीच कागदाची पट्टी द्यायची. मधला लोखंडी पत्रा काढून ॲक्रिलिकचा. वाकलेला होल्डर माझ्या ओळखीच्या सुताराकडे नमुना म्हणून जाईल. त्याला फक्त ओल्या प्लेटीसाठी एकेरी होल्डर करायला सांगायचं, तळाला पन्हळ असलेला.

"ताई, तोवर प्लेटा तुमच्या कॅमेऱ्यावर?"

तोवर प्लेटा नाहीत. तोवर त्याने पाण्याने ओतण्याचा सराव करायचा आहे, त्याच मापाच्या काचेवर. हाफ प्लेटचा कोपरा चार बाय पाचपेक्षा लांब असतो आणि हात अजून तिथपर्यंत पोचत नाही. काकांना रिक्षात बसवून तो परत आला तेव्हा मी बाथ टाकीतून बाटलीत भरत होते. त्याने न सांगता गॉगल घातला आणि फनेल धरलं.