राजगडाची दुहेरी भिंत

राजगडावर येणारे बहुतेक जण पद्मावती माचीवर विसावतात, बालेकिल्ल्याचा छातीवरचा चढ चढून जातात आणि तिथूनच परतीला लागतात. तोरण्याच्या दिशेने पसरलेल्या संजीवनी माचीच्या टोकापर्यंत फार थोडे जातात. राजगड समजून घ्यायचा असेल, तर माझ्या मते आधी तिथेच जावं.

संजीवनी म्हणजे डोंगराची सुमारे अडीच किलोमीटर लांब सोंड. ती टप्प्याटप्प्याने खाली उतरते आणि तटही तिच्या कडेने वळणं घेत उतरतो. हा तट दुहेरी आहे. बुरुजाच्या बाहेर दुसरा, चिलखती बुरूज. दोहोंमध्ये अरुंद, खोल बोळ. आतून अंधाऱ्या पायऱ्यांनी त्या बोळात उतरता येतं. खाली उभं राहून वर पाहिलं की या बांधणीमागचा विचार कळतो. शत्रूने तोफांनी बाहेरची भिंत पाडली तरी आतली शाबूत राहते. भगदाडातून जो आत शिरेल, तो थेट या बोळात सापडेल आणि गडकरी त्याच्या डोक्यावर असतील. भिंत कधीतरी पडणार, हे धरूनच ज्यांनी भिंत बांधली, त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

मुरुंबदेवाच्या या डोंगरावर शिवाजी महाराजांनी गड उभारला आणि रायगडावर जाईपर्यंत सुमारे पाव शतक इथून राज्य चालवलं. मधे उंच बालेकिल्ला, भोवती पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या. एक माची पडली तरी दुसरी लढवता यावी, अशी ही रचना. पाली दरवाज्याची वाट रुंद, राजमार्गाला शोभेल अशी. गुंजवण्याकडून चोरदरवाज्याने येणारी वाट मात्र शेवटी कड्याला बिलगते आणि दिंडीतून वाकून आत शिरल्यावर समोर एकदम पद्मावती तलाव दिसतो. एकच दरवाजा असलेला गड सदोष, आणि पाणी पाहिल्याशिवाय गड बांधू नये, असं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सांगितलं आहे. संजीवनीवर तटालगत ओळीने टाकी दिसतात, ती याच शहाणपणाची. पहाऱ्यावरच्या माणसाला पाण्यासाठी जागा सोडावी लागू नये.

गडाचा कारभारही दुहेरी भिंतीसारखाच होता. हवालदार, सबनीस आणि कारखानीस यांच्यात अधिकार वाटलेले असत. एकटा माणूस फितला तरी गड जाऊ नये, हा त्यामागचा हिशेब. शौर्याच्या गोष्टी आपण भरभरून सांगतो. रोज संध्याकाळी दरवाजे लावणारी, कोठारातलं धान्य मोजणारी आणि भर पावसात पहारा देणारी माणसंही त्याच गोष्टींत यायला हवीत.

१६५९ मध्ये शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाईंचं निधन इथे झालं. पद्मावती माचीवर त्यांची समाधी दाखवतात. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. हाती उरलेल्या बारांत राजगड होता. पुढच्याच वर्षी आग्र्याहून सुटलेले महाराज इथेच परतले आणि १६७० मध्ये राजाराम महाराजांचा जन्मही इथलाच. १७०३ च्या अखेरीस म्हातारा औरंगजेब स्वतः वेढ्याला येऊन बसला. १७०४ मध्ये गड घेऊन त्याने त्याचं नाव नबीशाहगड ठेवलं. मराठ्यांनी तो पुन्हा जिंकला आणि ते नाव कागदांतच राहिलं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत राजगड आहे. आता गर्दी वाढेल, वाढावीही. पण फोटोसाठी तटाच्या कडेवर चढू नका. सुटलेला एक दगड शेजारचे दगडही सैल करतो. टाक्यांत बाटल्या टाकू नका. पहाटे पालीकडून चढा, पुरेसं पाणी जवळ ठेवा आणि संजीवनीला निम्मा दिवस द्या. ऊन चढायच्या आत टोक गाठलं, तर येताना एकेका बुरुजाच्या बोळात निवांत उतरता येतं.