पहिल्याच्या पश्चात दुसरा

लिनक्सच्या दोन सर्व्हरांपैकी एक निकामी होताच दुसऱ्याने त्याचा कारभार विनाविलंब हाती घ्यावा, ही व्यवस्था बहुधा कोरोसिंक आणि पेसमेकर यांच्यावर सोपविली जाते. कोरोसिंक परस्परांच्या हयातीची खबर ठेवतो, तर सामायिक आयपी पत्ता व सेवा कोणाच्या ताब्यात असाव्यात याचा निर्णय पेसमेकर करतो.

मेख अशी की, दोहोंमधील संपर्क तुटला आणि प्रत्येकाने दुसऱ्यास मृत समजून एकाच डेटावर लेखन आरंभिले, तर त्या डेटाचा नाश अटळ होतो. म्हणूनच ताबा घेण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याची वीजच तोडणारी ‘स्टोनिथ’ ही काहीशी निर्दय तरतूद सोयीखातर बंद ठेवणे मला अक्षम्य वाटते. दोघांत बहुमत संभवत नसल्याने कोरोसिंकमध्ये ‘टू_नोड’ची किंमत १ ठेवावी लागते.

परीक्षेसाठी सर्व्हर सभ्यपणे ‘स्टँडबाय’मध्ये नेणे पुरेसे नाही, केबल उपटावी, कर्नल कोसळवावा, आणि विजेची तार तर अवश्य काढावी, कारण स्टोनिथ ज्याच्याकरवी हुकूम बजावतो तो आयपीएमआय नियंत्रकही त्याच विजेवर चालत असल्यास यशाची पावती मिळत नाही, व धडधाकट सर्व्हर ताबा न घेता ताटकळत राहतो.