सर्दीची गोळी आणि आपला धंदा

या पानावर मालाचे भाव, उधारी, कर आणि हिशेब यांची चर्चा नेहमीच होते. आज मात्र अशा एका वस्तूविषयी लिहावयाचे आहे, जी आपल्यापैकी बहुतेक दुकानदारांच्या गल्ल्यात सुट्या पैशांच्या शेजारी पडलेली असते. ती म्हणजे शिंका आणि खाज थांबविणारी गोळी. तिला कोणी सर्दीची गोळी म्हणतो, कोणी अ‍ॅलर्जीची गोळी म्हणतो, तर कोणी नुसती 'पिवळी गोळी' म्हणून मागतो. ती स्वस्त आहे, गुण लवकर देते, आणि म्हणूनच तिच्याविषयी कोणी विचार करीत नाही. मीही करीत नव्हतो.

वारूळवाडी आणि नारायणगाव हा भाग तसा हवेशीर आहे. मीना नदीचे पाणी, द्राक्षबागा, टोमॅटोचा मोठा बाजार यामुळे बाराही महिने वर्दळ असते. परंतु शिंकांना येथे कारणेही पुष्कळ आहेत. हायवेची धूळ आहे, बागांवरची फवारणी आहे आणि बांधाबांधावर माजलेले गाजर गवत आहे. १९५० च्या दशकात हे गवत आपल्याच पुणे शहरात प्रथम आढळले आणि तेथून देशभर पसरले. त्याच्या परागांमुळे नाक वाहते, अंगाला लागले तर कातडी सुजून खाजते.

आपल्या धंद्यांत त्यात आणखी भर पडते. कापडाच्या दुकानात नवीन तागा उलगडला की खळीची भुकटी उडते. शिंपी भाई दिवसभर कात्रणाच्या केरात बसतात. गाद्या-रजया भरणारे पिंजारी बांधव तर कापसाच्या धुरळ्यातच वावरतात. मग सकाळी एक गोळी, जास्त त्रास झाला तर दुपारी आणखी एक, असा क्रम पडून जातो.

माझ्या हातून घडलेली चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी जवळ आली होती. मालेगावहून लुंगी आणि पॉपलीनच्या गाठी भरून आमचा टेम्पो रात्री परत यावयाचा होता आणि मी बरोबर होतो. ड्रायव्हर तरुण, होतकरू मुलगा. त्याचे नाक सारखे वाहत होते आणि एका हाताने रुमाल धरून तो गाडी चालवीत होता. सिन्नरला चहा घेतला तेव्हा मी खिशातली पट्टी काढली आणि म्हणालो, "ही घे, पाच मिनिटांत नाक बंद होईल." तो म्हणाला, "चाचा, मघाशी मेडिकलमधून सर्दीची एक गोळी घेतली आहे." मी म्हणालो, "ती तापाची असेल, ही अ‍ॅलर्जीची आहे. काही होत नाही."

संगमनेर मागे पडले. चंदनापुरीच्या घाटाच्या अलीकडे गाडी एकाएकी डाव्या बाजूला ओढली गेली आणि चाके नालीत उतरली. ड्रायव्हरच्या कपाळाला सात टाके पडले, माझ्या खांद्याला मार बसला आणि दोन गाठी चिखलात गेल्या. तो एकच वाक्य बोलत होता, "चाचा, डोळा कधी लागला ते कळलेच नाही." हेच दोन-चार किलोमीटर पुढे, घाटाच्या वळणावर घडले असते तर त्याच्या आईला मी काय उत्तर दिले असते? मालाचे नुकसान भरून निघाले. ती गोळी मात्र मी माझ्या हाताने दिली होती, ही गोष्ट आजही मनातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पट्ट्या घेऊन ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दाखविले की त्याने आधी घेतलेल्या सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामीन हे औषध होते आणि मी दिलेल्या गोळीतही तेच होते. वेष्टने वेगळी, रंग वेगळा, माल एकच. कापडाच्या धंद्यात तीस वर्षे घालविलेल्या माणसाला शिक्का न वाचता माल दिल्याची शरम वाटली. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले आणि पट्टीवरची बारीक इंग्रजी अक्षरे मी कधी वाचलीच नव्हती. त्यानंतर जे विचारून-वाचून समजले ते येथे देत आहे.

गोळी काय करते?

धूळ किंवा पराग अंगाला सोसले नाहीत की शरीरात हिस्टामीन नावाचा पदार्थ सुटतो. त्यानेच नाक वाहते, डोळे चुरचुरतात, गांध्या उठतात. ही गोळी त्या हिस्टामीनला अडविते. या औषधांचा पाया घालणारे शास्त्रज्ञ डॅनियल बोव्हे यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अडचण एवढीच की मेंदूला जागे ठेवण्याचे कामही हिस्टामीनच करते. म्हणून जी गोळी मेंदूपर्यंत पोहोचते ती शिंकेबरोबर जागेपणही घालविते.

या गोळ्यांचे दोन प्रकार लक्षात ठेवावेत.

जुन्या प्रकारात क्लोरफेनिरामीन, फेनिरामीन, डायफेनहायड्रामीन आणि प्रोमेथाझीन ही औषधे येतात. सर्दीच्या मिश्र गोळ्या, खोकल्याची कित्येक सिरपे आणि बस लागू नये म्हणून घेतात ती गोळी यांत बहुधा यांपैकीच एखादे असते. ही मेंदूत सहज शिरतात. क्लोरफेनिरामीन तर अंगात बराच काळ राहते, त्यामुळे रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळी दुकान उघडेपर्यंत राहू शकतो.

नव्या प्रकारात सेट्रिझीन, लिव्होसेट्रिझीन, लोराटाडीन आणि फेक्सोफेनाडीन आहेत. यांनी झोप कमी येते. तरी सर्व सारखी नाहीत. सेट्रिझीन आणि लिव्होसेट्रिझीनने काही लोकांना चांगलीच पेंग येते, फेक्सोफेनाडीनने ती सर्वांत कमी. मोठ्या निरोगी माणसासाठी दिवसाचे नेहमीचे प्रमाण सेट्रिझीन १० मिलिग्रॅम, लिव्होसेट्रिझीन ५ मिलिग्रॅम आणि लोराटाडीन १० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसातून एकच गोळी. त्रास जास्त म्हणून दुसरी घेतल्याने गुण दुप्पट होत नाही, गुंगी मात्र वाढते.

"मला तर झोप येत नाही, मला चालते," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचा, २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. परागांची अ‍ॅलर्जी असलेल्या ४० जणांना नकली मोटारीत बसवून पाळीपाळीने डायफेनहायड्रामीन, फेक्सोफेनाडीन, दारू आणि बिनऔषधाची गोळी देऊन गाडी चालवावयास लावले. डायफेनहायड्रामीन घेतल्यावर त्यांची गाडी दारू घेतल्यापेक्षाही वाईट चालली. फेक्सोफेनाडीन घेतल्यावर बिनऔषधाच्या गोळीइतकीच ठीक चालली. आणि महत्त्वाचे म्हणजे, आपल्याला झोप येते आहे की नाही याचा ज्याचा त्याचा अंदाज भरवशाचा ठरला नाही. डोळे उघडे असतात, पण हात उशिरा हलतो. ड्रायव्हर असो, ओव्हरलॉक मशीनवरचा कारागीर असो, विजेच्या कात्रीवरचा कटर असो की करवतीवरचा सुतार, त्या अर्ध्या क्षणातच बोट जाते किंवा जीव जातो.

आपल्या लोकांत होणाऱ्या चुका

पहिली चूक मी केली तीच, म्हणजे एकच औषध दोन नावांनी घेणे. सर्दीच्या मिश्र गोळीत बहुधा पॅरासिटामॉलही असते. अंग दुखते म्हणून वेगळी पॅरासिटामॉल घेतली की तेही दुप्पट होते आणि लिव्हरवर भार पडतो. त्याच गोळीत फेनिलएफ्रीन असेल तर रक्तदाबाच्या रुग्णाने ती विचारल्याशिवाय घेऊ नये.

दुसरी चूक 'दारूसोबत घेऊ नये' ही सूचना वाचून निर्धास्त होण्याची. आपण पीत नाही, म्हणजे आपल्याला धोका नाही, असे वाटते. परंतु झोपेची गोळी, घबराटीवरची गोळी, कोडीनचे खोकल्याचे औषध आणि काही तीव्र वेदनाशामके यांच्यासोबतही हाच परिणाम होतो.

तिसरी चूक रमजानमध्ये होते. दिवसभर गोळी घेता येणार नाही म्हणून सहेरीला दोन गोळ्या एकदम घेतल्या जातात. आधीच झोप अपुरी, त्यावर दुहेरी औषध, आणि मग दुपारी मोटरसायकलवर वसुलीला निघावयाचे! हे टाळावे. दिवसातून एकदाच घ्यावयाची नवीन प्रकारची गोळी डॉक्टरांना विचारून इफ्तारनंतर घेता येते. फेक्सोफेनाडीन असेल तर ती साध्या पाण्यासोबत घ्यावी. संत्रे किंवा सफरचंदाच्या रसासोबत घेतल्यास तिचा गुण कमी होतो, आणि अ‍ॅसिडिटीच्या काही औषधांसोबतही तसेच होते.

चौथी चूक घरच्या वडिलांना आणि मुलांना आपल्या पट्टीतली गोळी देण्याची. ज्यांना काचबिंदू आहे किंवा प्रोस्टेटमुळे लघवीला अडते, त्यांना जुन्या प्रकारच्या गोळीने लघवी पूर्ण अडू शकते, नजरेला धोका होऊ शकतो. वृद्ध माणूस रात्री उठून तोल जाऊन पडतो, कधी बोलण्यात गोंधळ होतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर सेट्रिझीनचे प्रमाणही कमी करावे लागते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी विचारल्याशिवाय घेऊच नये.

मुलांविषयी विशेष सांगावयाचे ते असे. क्लोरफेनिरामीन आणि फेनिलएफ्रीन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावले आहे. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात सर्दी-खोकल्याच्या एका सिरपने लहान मुलांचे बळी घेतले. तेथे कारण भेसळीचे होते, त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष निघाले. परंतु सर्दीसारख्या आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारासाठी तान्ह्या मुलाला बाटली पाजण्याची घाई किती महाग पडते, हे त्यातून दिसले.

जेथे गोळीने काम भागत नाही

सुताच्या आणि यंत्रमागाच्या कामगारांनी एक खूण ओळखावी. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होत असेल, तर ती साधी अ‍ॅलर्जी नसून कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा बिसिनोसिस हा विकार असू शकतो. कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत त्याचे नाव आहे. शिंकेची गोळी त्याला थांबवीत नाही. उलट दिवस वाया जातात आणि छाती कायमची अधू होते.

गाजर गवताने कातडी चरबरून जाड झाली असेल तर गोळीने खाज थोडी दबेल, मूळ दुखणे राहील. त्यासाठी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडेच जावे. आणि मधमाशा डसल्यावर किंवा एखाद्या औषधाने ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, तर गोळी देऊन वाट पाहत बसू नये. तेथे इंजेक्शनची गरज असते. १०८ ला फोन करून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

आणखी एक नवी माहिती. सेट्रिझीन किंवा लिव्होसेट्रिझीन महिनोन्‌महिने रोज घेऊन एकदम बंद केल्यावर काही लोकांना तीव्र खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये दिला. असे प्रकार थोडे आहेत. तरीही जो वर्षानुवर्षे रोज गोळी घेतो, त्याने ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.

दुकानदार आणि कारागीर बांधवांनी एवढे पाळावे

१. ताग्यावरचा गिरणीचा शिक्का आपण शेवटपर्यंत कापत नाही. गोळ्यांची पट्टीही तशीच, नाव आणि मुदत छापलेले टोक शेवटपर्यंत राखून वापरावी. सुटी गोळी घेऊ नये.

२. मेडिकलवाल्याला कंपनीचे नाव न विचारता औषधाचे नाव विचारावे, आणि आपण घेत असलेली इतर औषधे त्याला सांगावीत.

३. नवी गोळी प्रथम अशा रात्री घ्यावी, जेव्हा दुसऱ्या दिवशी गाडी किंवा मशीन चालवावयाचे नाही.

४. ड्रायव्हरला निघण्यापूर्वी डिझेल-हवेबरोबर हेही विचारावे, "कोणती गोळी घेतली आहे का?" घेतली असेल तर गाडी सकाळी सोडावी.

५. नोकराला, गिऱ्हाइकाला आपल्या गल्ल्यातली गोळी देऊ नये.

६. मूळ कारण कमी करावे. ओले फडके मारावे, कात्रण रोज उचलावे, तागे दाराजवळ झटकावेत, नाकाला रुमाल बांधावा. खर्च काहीच नाही.

७. गोळीने अपाय झाला तर डॉक्टरांना सांगावे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा सरकारी मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे.

माझा टेम्पोवाला आज स्वतःच्या गाडीचा मालक आहे. कपाळावरची खूण अजून दिसते. दुकानात आला की तो हसून विचारतो, "चाचा, गल्ल्यात गोळी आहे का?" मी गल्ला उघडून दाखवितो. आता त्यात फक्त सुटे पैसे असतात.