डिजि-कॉम्प १

डिजि-कॉम्प १ हे मुलांना संगणकाच्या कार्यपद्धतीची मूलतत्त्वे शिकविणारे यांत्रिक खेळणे होय. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील ई.एस.आर. या कंपनीने ते १९६३ मध्ये विक्रीस आणले. त्याची किंमत पाच डॉलरच्या आसपास होती. हे खेळणे विजेवर नव्हे, तर हाताने चालत असे.

पार्श्वभूमी

१९६०च्या दशकात संगणक ही बहुधा विद्यापीठे, सरकारी खाती व मोठे उद्योग यांच्याकडेच आढळणारी महागडी यंत्रे होती. मुलांना ती हाताळावयास मिळणे दुर्मीळ होते. शिवाय विद्युतमंडलांत काय घडते ते डोळ्यांना दिसत नसे. डिजि-कॉम्पमध्ये मात्र प्रत्येक भागाची हालचाल उघड दिसत असे.

रचना

खेळणे सुट्या भागांच्या स्वरूपात मिळे व जुळणी मुलांनीच करावयाची असे. त्यात प्लॅस्टिकच्या तीन सरकत्या पट्ट्या असत. प्रत्येक पट्टी दोनच स्थितींत राहू शके आणि त्यानुसार ० किंवा १ हा अंक समोर दिसे. तीन पट्ट्यांच्या मिळून २ × २ × २ = ८ अवस्था होत; म्हणून या यंत्राला ० ते ७ एवढ्याच संख्या दर्शविता येत.

पट्ट्यांवरील खुंट्यांवर लहान नळ्या बसवीत. काही नळ्या तारेच्या दांड्यांना अडवीत, तर काही दांड्यांचा धक्का घेऊन पट्टी सरकवीत. नळ्यांची ही मांडणी हीच यंत्राची आज्ञावली असे.

कार्यपद्धती

हाताने एक सरकता भाग पुढे-मागे केला की यंत्राचे एक आवर्तन पूर्ण होई. एखाद्या दांडीच्या वाटेत एकही नळी नसेल तरच ती आत सरके. म्हणजेच सर्व अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या तरच क्रिया घडे. तर्कशास्त्रातील ‘आणि’ या संबंधाचे हे यांत्रिक रूप होय.

मोजणीच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते. द्विमान पद्धतीत ०००, ००१, ०१०, ०११, १०० अशा क्रमाने संख्या वाढतात. त्यासाठी तीन नियम पुरतात:

१. एकाच्या स्थानाचा अंक प्रत्येक आवर्तनात बदलतो.
२. दोनाच्या स्थानाचा अंक, एकाच्या स्थानी १ असेल तरच बदलतो.
३. चाराच्या स्थानाचा अंक, उरलेल्या दोन्ही स्थानी १ असेल तरच बदलतो.

दशमान बेरजेत ९ नंतर हातचा पुढे जातो, तसाच येथे १ नंतर जातो. १११ नंतर चौथे स्थान नसल्याने यंत्र पुन्हा ००० वर येते. नळी चुकीच्या खुंटीवर बसल्यास मोजणी चुके. तेव्हा दोष शोधून मांडणी सुधारणे हाही शिक्षणाचाच भाग ठरे.

मर्यादा

यंत्राची स्मृती तीन अंकांपुरतीच होती. आज्ञावली स्मृतीत साठविता येत नसल्याने नव्या कामासाठी नळ्या पुन्हा मांडाव्या लागत. त्यामुळे ते सर्वोपयोगी संगणक ठरत नाही. तथापि, अवस्था, अट व आवर्तन या संकल्पना आजच्या संगणकातही मूलभूत आहेत.

संबंधित खेळणी

याच कंपनीच्या डिजि-कॉम्प २ मध्ये उतारावरून घरंगळणाऱ्या गोट्यांच्या साहाय्याने द्विमान गणिते होत; त्याची कल्पना जॉन गॉडफ्री यांची होती. थिंक-अ-डॉट हे गोट्यांचे खेळणे जोसेफ वाइसबेकर यांनी योजले. पुढे आरसीए कंपनीच्या १८०२ या सूक्ष्मप्रक्रियकाच्या रचनेतही त्यांचा प्रमुख वाटा होता.