कापूस वेचणाऱ्यांच्या कॉलेजचा फुटबॉल संघ

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा आपल्या समाजाला परका नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस या थोर कृष्णवर्णीय विद्वानाला पत्र लिहिले होते आणि ड्युबॉइस यांनी त्याला उत्तरही पाठविले होते. १९७२ साली आपल्या तरुणांनी मुंबईत ‘दलित पँथर’ काढली, ते नावही तिकडच्या ‘ब्लॅक पँथर’वरून घेतलेले. मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव तर आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण एडी रॉबिन्सन हे नाव विचारून पाहा, सांगणारा क्वचितच भेटेल. हे गृहस्थ पुढारी नव्हते की ग्रंथकार नव्हते. लुइझियाना राज्यातील ग्रॅम्बलिंग या आडगावी कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात ते फुटबॉलचे प्रशिक्षक होते. १९४१ साली लागले ते १९९७ साली निवृत्त झाले. एक नोकरी, एक गाव, एक संघ!

आधी खेळाविषयी दोन शब्द. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या गल्लीतला फुटबॉल नव्हे. चेंडू अंड्याच्या आकाराचा, पायापेक्षा हातानेच जास्त खेळायचा. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी, डोक्याला शिरस्त्राण, खांद्याला जाड गाद्या. शंभर यार्डांच्या मैदानात चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरायचे आणि समोरच्यांनी अंगावर येऊन पाडायचे. आपल्या कबड्डीतली पकड आठवा म्हणजे अंदाज येईल. या खेळात डाव आखून चेंडू फेकणारा जो गडी असतो त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवावा, पुढे त्याचेच रामायण आहे.

हे कॉलेज कोणा दानशूर शेठजीने काढलेले नाही. १८९६ साली उत्तर लुइझियानातील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी आपली एक संघटना उभारली. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम तीस वर्षे झाली होती. आपल्या मुलांना शाळा हवी म्हणून या शेतकऱ्यांनी टस्कीगीच्या बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याकडे माणूस मागितला. त्यांनी चार्ल्स अ‍ॅडम्स या तरुणाला धाडले आणि १९०१ साली शाळा सुरू झाली. पुढे राज्य सरकारने ती ताब्यात घेतली, तिचे नाव झाले ‘लुइझियाना निग्रो नॉर्मल अँड इंडस्ट्रिअल इन्स्टिट्यूट’. असा किस्सा सांगतात की संघाला चेव आणायला पोरे हे लांबलचक नाव ओरडू लागली की नाव संपेपर्यंत समोरचा संघ गुण घेऊन मोकळा होई! १९४६ साली ‘ग्रॅम्बलिंग कॉलेज’ असे सुटसुटीत नाव झाले आणि १९७४ साली त्याला विद्यापीठाचा दर्जा नावातही मिळाला.

रॉबिन्सन यांचा जन्म १९१९ चा. वडील वाट्याने शेती कसणारे, आई लोकांच्या घरची धुणीभांडी करणारी. स्वतः कृष्णवर्णीयांच्याच एका छोट्या कॉलेजातून पदवी घेतली आणि पदवीधर होऊनही बॅटन रूज शहरात जनावरांच्या खाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर राबत होते. पदवी हातात आणि पोती पाठीवर, हे चित्र आपल्या वस्त्यांत कोणाला नवे आहे? अशात ग्रॅम्बलिंगचे प्राचार्य राल्फ जोन्स यांनी त्यांना बोलावले. वय २२, पगार महिना ६३ डॉलर ७५ सेंट.

हिशेबाच्या वहीत ही रक्कम एका ओळीत बसते, पण त्या पगारात केलेल्या कामांची यादी करायची तर पान पुरणार नाही. मैदानाचे गवत कापणे, चुन्याच्या रेषा मारणे, खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधणे, सामना संपल्यावर वर्तमानपत्राला बातमी लिहून पाठवणे, सारे प्रशिक्षकानेच करायचे. बाहेरगावी सामन्याला जाताना वाटेतल्या हॉटेलांत काळ्यांना बसू देत नसत, म्हणून सँडविचेसही बांधून न्यायची. पहिल्या वर्षी आठ सामन्यांपैकी पाच हरले. दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९४२ साली, नऊच्या नऊ जिंकले आणि समोरच्या एकाही संघाला एक गुणसुद्धा घेऊ दिला नाही.

मग महायुद्धामुळे कॉलेजचे सामने थांबले. रॉबिन्सन तिथल्या हायस्कूलच्या पोरांना शिकवू लागले. त्यातल्या भावा-भावांना बापाने संघातून काढले, कारण कापूस वेचणीला आला होता. बापाचेही चूक नव्हते. वेचणी थांबली तर घर थांबते. रॉबिन्सन यांनी त्याला उपदेश केला नाही. अख्खा संघ गाडीत घातला, त्याच्या रानात नेला आणि सगळ्यांनी मिळून कापूस वेचून दिला. पोरे परत मैदानावर आली आणि त्या संघाने अजिंक्यपदही मिळवले. मुलांना संघटनेच्या कामाला सोडत नाहीत म्हणून आईबापांवर चिडणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

कॉलेजात त्यांचा आणखी एक खाक्या होता. पहाटे वसतिगृहाच्या व्हरांड्यातून गाईच्या गळ्यातली घंटा वाजवीत फिरायचे आणि खेळाडूंना वर्गासाठी उठवायचे. खेळ चार वर्षांचा, पदवी जन्माची, असा त्यांचा हिशेब.

१९४९ साली ग्रॅम्बलिंगचा पॉल ‘टँक’ यंगर लॉस एंजेलिसच्या रॅम्स या व्यावसायिक संघात गेला. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून राष्ट्रीय लीगमध्ये पोचलेला हा पहिला खेळाडू. रॉबिन्सन यांनी त्याला बजावले होते की तू फसलास तर मागच्या सर्वांची वाट बंद होईल. केवढे हे ओझे! गोरा खेळाडू फसला तर तो एकटा फसतो. यंगर फसला असता तर अख्खी जमात फसली असे ठरले असते. तो फसला नाही, दहा वर्षे खेळला. त्याच्या मागून दोनशेहून अधिक ग्रॅम्बलिंगकर व्यावसायिक संघांत गेले. १९६३ साली बक बुकॅनन याला अमेरिकन फुटबॉल लीगच्या निवडीत सर्वांत पहिला क्रमांक मिळाला.

पण क्वार्टरबॅक? ती जागा मात्र गोऱ्यांनी राखून ठेवली होती. काळ्या मुलाने धावावे, धडक द्यावी. डाव आखायला डोके लागते, ते त्याच्याकडे नाही, असे उघड मानले जाई. आपल्याकडे ‘मेरिट’चे जे पालुपद ऐकू येते, त्याचीच ही मावसबहीण. कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या काळ्या खेळाडूला व्यावसायिक संघ घेत, पण दुसऱ्या जागेवर खेळवत. रॉबिन्सन यांनी जेम्स हॅरिस या मुलाला तयार केले आणि जागा बदलायची नाही असे बजावून पाठवले. १९६९ साली हॅरिस बफेलो संघाकडून मोसमाच्या पहिल्याच सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून उतरला. त्यानंतर ग्रॅम्बलिंगचाच डग विल्यम्स. ३१ जानेवारी १९८८ रोजी सुपर बोलमध्ये, म्हणजे वर्षाच्या अंतिम सामन्यात, तो वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक होता. सुरुवातीला डेन्व्हरने १० गुण घेतले, विल्यम्सचा गुडघा दुखावला, तो लंगडत बाहेर गेला. परत आला आणि दुसऱ्या सत्रात एकापाठोपाठ चार वेळा त्याच्या फेकीवर गडी हद्दीपार गेले. त्या एका सत्रात वॉशिंग्टनचे ३५ गुण! शेवट ४२-१०. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. (ज्या संघाला त्याने हा विजय मिळवून दिला त्या संघाचे नाव मात्र तेव्हा तिथल्या मूळनिवासींना हिणवणारे होते. ते २०२० साली टाकून दिले गेले.)

मधल्या काळात संघाची कीर्ती देशभर झाली होती. सप्टेंबर १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर मॉर्गन स्टेट या दुसऱ्या कृष्णवर्णीय कॉलेजशी सामना झाला, साठ हजारांवर प्रेक्षक जमले. ग्रॅम्बलिंग ९-७ ने हरले, पण ज्या शहराने त्यांचे नाव ऐकले नव्हते त्याने ते ऐकले. कॉलेजचा बँड १९६७ च्या पहिल्या सुपर बोललाही वाजला होता. १९८५ साली रॉबिन्सन यांनी ३२४ वा सामना जिंकून अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांचा विक्रम मोडला. निवृत्त झाले तेव्हा आकडा ४०८ वर होता. २००७ साली ते वारले.

आता जरा नाजूक मुद्दा. १९७० च्या सुमारास दक्षिणेतल्या मोठ्या गोऱ्या विद्यापीठांनी काळ्या खेळाडूंना दारे उघडली. ब्रायंट यांच्या अलाबामा संघात पहिला शिष्यवृत्तीधारक कृष्णवर्णीय खेळाडू १९७१ साली मैदानात उतरला. ही गोष्ट लढून मिळवलेली, आनंदाचीच. पण त्यानंतर उत्तम मुले मोठ्या मैदानांकडे, मोठ्या पैशाकडे गेली, आणि ज्या छोट्या कॉलेजांनी कोणी विचारीत नव्हते तेव्हा पोरे घडवली ती मागे पडली. जाणाऱ्या मुलाला दोष देता येत नाही. तरीही प्रश्न उरतोच : वर गेलेल्यांनी मागे वळून पाहिले किती?

याचे कटू फळ २०१३ साली दिसले. राज्य सरकारने विद्यापीठाचा पैसा वर्षानुवर्षे कापला होता. व्यायामशाळेत बुरशी, कपडे नीट धुतलेले नाहीत, सामन्यासाठी शेकडो मैलांचा प्रवास बसने. प्रशिक्षक म्हणून परत आलेल्या डग विल्यम्स यांना मोसमाच्या मध्येच काढले गेले. ऑक्टोबरमध्ये खेळाडूंनी व्यवस्थापनाला पत्र देऊन आपल्या तक्रारी मांडल्या आणि जॅक्सन स्टेटविरुद्धच्या सामन्याला जायला नकार दिला. सामना झालाच नाही, ग्रॅम्बलिंग हरले असे धरण्यात आले. काही जुन्या लोकांना वाटले की रॉबिन्सन यांच्या संघाची अब्रू गेली. मला तसे वाटत नाही. पहाटे घंटा वाजवून ज्यांना उठवले त्यांचीच ही पुढची पिढी, जागी झाली तर बोलणारच.

पुढच्या आठवड्यात मुले मैदानावर परतली. नवा प्रशिक्षक आला आणि २०१६ साली याच संघाने नॉर्थ कॅरोलिना सेंट्रलला १०-९ असे हरवून कृष्णवर्णीय विद्यापीठांतले अव्वल स्थान मिळवले. दरवर्षी नोव्हेंबरअखेर न्यू ऑर्लिन्सला सदर्न विद्यापीठाशी त्यांचा ‘बायू क्लासिक’ सामना होतो. १९७४ पासूनची ही परंपरा. आजी-आजोबांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत कुटुंबेच्या कुटुंबे येतात, आणि दोन्ही विद्यापीठांच्या बँडचा मुकाबला ऐकायला निम्मे लोक सामन्याच्या आदल्या रात्रीच हजर असतात.