मूनलाइट सोनाटा: नावात चांदणं, सुरांत काय?

बीथोव्हेनच्या चौदाव्या पियानो सोनाटाची ओळख जगभर एकाच शब्दानं होते: मूनलाइट. या शब्दानं रचनेला अफाट लोकप्रियता दिली आणि तिच्याबद्दलचे बहुतेक गैरसमजही दिले.

पहिला गैरसमज नावाचाच. हे नाव बीथोव्हेनचं नाही. 1801 साली लिहिलेली ही रचना 1802 मध्ये व्हिएन्नात प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यावर ‘सोनाटा क्वाझी ऊना फँटाझिया’ असं छापलं होतं. म्हणजे फँटसीच्या वळणानं जाणारा सोनाटा. पहिल्या भागाला स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न सरोवरावरच्या चांदण्याची उपमा दिली ती लुडविग रेल्स्टाब या जर्मन समीक्षकानं, आणि ते नाव रुळलं बीथोव्हेन गेल्यानंतर. पियानोवादक एडविन फिशर यांनी एका वेगळ्याच धाग्याकडे लक्ष वेधलं होतं. मोत्सार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ या ऑपेरात द्वंद्वयुद्धात घायाळ झालेला वृद्ध सेनानी प्राण सोडतो, त्या प्रसंगाच्या संगीतातल्या काही ओळी बीथोव्हेननं स्वतःच्या हातानं उतरवून घेतल्या होत्या. या सोनाटाच्या पहिल्या भागासारखेच तिथेही तीन-तीन स्वरांचे गुच्छ खालून संथपणे चालत राहतात. हा धागा मान्य केला, तर पहिल्या भागात सरोवरापेक्षा मृत्यूची छाया जवळची वाटते. मला तरी ती तशीच ऐकू येते.

‘हे प्रेमपत्र आहे’ हा दुसरा लाडका समज. सोनाटा काउंटेस जुलिएत्ता ग्विचार्दी या शिष्येला अर्पण केलेला आहे, आणि बीथोव्हेनचं तिच्यावर मन जडलं असावं, हेही खरं. पण तिनंच पुढे सांगितलेली हकिगत अशी, की बीथोव्हेननं तिला आधी एक वेगळी रचना, जी मेजरमधला रोंडो, दिली होती. ती दुसऱ्या एका काउंटेसला अर्पण करायची वेळ आली, तेव्हा ती परत मागून घेतली आणि बदल्यात हा सोनाटा दिला. तेव्हा अर्पणपत्रिकेवरून सुरांचा अर्थ लावण्यात हशील नाही.

तो पूर्ण बहिरा असताना हे लिहिलं, असंही सर्रास सांगितलं जातं. ऐकू कमी येत असल्याची व्यथा त्यानं 1801 च्याच उन्हाळ्यात वेगेलर या डॉक्टर मित्राला पत्रातून कळवली होती. पण त्यानंतरही कितीतरी वर्षं, 1814 पर्यंत, तो लोकांपुढे पियानो वाजवत होता.

आता प्रत्यक्ष सुरांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. ‘पहिल्या भागात फारसं काही घडत नाही, नुसती हुरहुर आहे,’ असं ऐकणाऱ्यांना वाटतं. ही रचना सी शार्प मायनरमध्ये आहे. समजण्यापुरता सी शार्प हा आपला षड्ज मानू. उजव्या हातात प, सा आणि कोमल ग हे तीन स्वर फिरत राहतात. डाव्या हाताचा खर्ज मात्र उतरत जातो: सा, कोमल नी, कोमल ध, मग मध्यम आणि शेवटी पंचम. खर्ज मध्यमावर येतो तेव्हा वर कोमल रिषभाची कॉर्ड उमटते. पाश्चात्त्य संगीतात तिला नीआपॉलिटन म्हणतात. अंगावर शहारा येतो तो नेमका इथे, तिसऱ्या बारमध्ये, आणि मुख्य धून तर अजून सुरूही झालेली नसते! ती पाचव्या बारच्या शेवटी येते आणि पंचमावरच ठाण मांडते. तोच सूर, तीच अडखळती लय, पुन्हा पुन्हा. नवव्या बारमध्ये संगीत ई मेजरच्या उजेडात पोचतं, आणि दहाव्यातच त्या ई मेजरचा ई मायनर होतो. षड्जच सरकला आणि सरकल्या जागी काळवंडलाही. एका बारपुरता दिलासा देऊन तो काढून घेणं, याला काही घडत नाही असं कसं म्हणायचं?

कोमल रे, ग, ध, नी दिसले म्हणून याला भैरवी म्हणणं मात्र घाईचं. शुद्ध निषादही पावलोपावली येतो, आणि षड्ज जागा बदलतो. रागाची चौकट इथे लागू नाही.

पहिला भाग जितका संथ तितका भावपूर्ण, हा वाजवणाऱ्यांचा गैरसमज. बीथोव्हेननं ‘अडाजिओ’, म्हणजे संथ, असं लिहिलं आहे, पण बारमध्ये चार ठोके मोजायचे नसून दोन मोजायचे, अशी खूणही केली आहे. म्हणजे चाल रेंगाळणारी नको. सगळा भाग अत्यंत हळुवारपणे आणि ‘सेन्झा सोर्दिनो’ वाजवावा, अशीही सूचना आहे. तिचा अर्थ पेडल न वापरता असा घेतला, तर सगळंच उलटं होतं. तारांवर टेकणारे डॅम्पर उचलून ठेवायचे, म्हणजे सूर एकमेकांत मिसळू द्यायचे, असं त्याला म्हणायचं होतं. त्या काळच्या लाकडी चौकटीच्या पियानोत आवाज लवकर विरत असे, त्यामुळे ते शोभत असे. आजच्या लोखंडी चौकटीच्या पियानोवर तसंच केलं तर गलका होण्याची भीती असते, म्हणून बहुतेक वादक पेडल बदलत राहतात. पियानोवादक आंद्राश शिफ यांनी मात्र मूळ सूचना पाळून वाजवून दाखवलं आहे.

सोनाटाचे नियम म्हणजे पाळायचा साचा, असं पाठ्यपुस्तकांतून मनावर ठसतं. ते नियम ग्रंथांत नीट बांधले गेले ते बीथोव्हेनच्या मृत्यूनंतर. व्हिएन्नात तेव्हा वजनदार भाग सुरुवातीला ठेवण्याचा प्रघात होता, तो त्यानं इथे फिरवला. ज्याला सोनाटा फॉर्म म्हणतात, तो थेट शेवटच्या, तिसऱ्या भागात येतो.

या भागाला लोक गोंगाटाचा म्हणतात. छापील स्वरलिपी उघडून पाहा: बराचसा भाग हळू आवाजातच वाजवायचा आहे. सूर झपाट्यानं वर चढतात आणि टोकाला दोन कॉर्डचे जोरदार आघात होतात, म्हणून तो प्रचंड वाटतो. आणि चढणारे सूर कुठले? पहिल्या भागात संथ फिरणारे तेच प, सा, कोमल ग. दुसरी धून ई मेजरमध्ये येईल अशी कानाची अपेक्षा असते. ती जी शार्प मायनरमध्ये येते, म्हणजे उजेडाची वाट इथेही बंद. मधला, म्हणजे दुसरा, छोटा भाग (अलेग्रेटो) डी फ्लॅट मेजरमध्ये लिहिलाय खरा, पण पियानोवर डी फ्लॅट आणि सी शार्प ही एकच पट्टी. षड्ज तोच, कोमल गंधार मात्र शुद्ध झालेला. तिन्ही भाग एकाच षड्जावर उभे आहेत.

म्हणून पहिला भाग सुटा ऐकणं म्हणजे रचना अर्धवट सोडणं. तिन्ही भाग सलग ऐकायला साधारण पंधरा मिनिटं लागतात. एकदा तेवढा वेळ काढा, आणि ऐकताना लक्ष पंचमावर ठेवा.